पॅट्रिशिया ग्रेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅट्रिशिया ग्रेस कोण? आधी थोडक्यात सांगा.

न्यूझीलंडमधल्या माओरी कथा-कादंबरीकार. जन्म 17 ऑगस्ट 1937, वेलिंग्टन. वडील माओरी, आई पाकेहा, म्हणजे युरोपीय वंशाची. वडिलांकडून न्गाती तोआ, न्गाती रौकावा आणि ते आती आवा या तीन जमातींशी त्यांचं नातं आहे. पेशानं त्या शिक्षिका होत्या आणि सात मुलांची आई. पहिलं पुस्तक आलं तेव्हा चाळिशी जवळ आली होती. ते पुस्तक म्हणजे ‘वाइआरिकी’ हा 1975चा कथासंग्रह. माओरी बाईनं लिहिलेला तो पहिला कथासंग्रह, आणि 1978ची ‘मुतुफेनुआ’ ही माओरी बाईची पहिली कादंबरी. वेलिंग्टनच्या उत्तरेला प्लिमरटनजवळ होंगोएका नावाची खाडी आहे. तिथल्या वडिलोपार्जित जमिनीवर त्यांचं घर आहे.

हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा. खाली त्याची गरज पडेल.

आपल्या कवी ग्रेस यांच्याशी काही संबंध?

नाही. पण हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर देऊन टाकलेलं बरं. दोघांचा जन्म 1937चा, एवढाच योग. नागपूरच्या माणिक गोडघाट्यांनी ते नाव स्वतः निवडलं, वेलिंग्टनच्या पॅट्रिशिया गन्सन यांना ते लग्नानंतर मिळालं. गोंधळ नको म्हणून पुढे त्यांना ग्रेसबाई म्हणू.

माओरी म्हणजे पॉलिनेशियनच का? की ते वेगळे?

पॉलिनेशियनच. नकाशावर वरती हवाई, उजवीकडे रापा नुई म्हणजे ईस्टर बेट आणि खाली डावीकडे न्यूझीलंड, असे तीन बिंदू जोडले की जो अवाढव्य त्रिकोण होतो, त्याला पॉलिनेशिया म्हणतात. माओरींचे पूर्वज साधारण तेराव्या शतकात पूर्व पॉलिनेशियातून होड्यांनी आले. ताहिती आणि कुक बेटांवरच्या भाषा माओरीच्या सख्ख्या बहिणी लागतात. रोजच्या बोलण्यात मात्र न्यूझीलंडमध्ये माओरी आणि ‘पॅसिफिका’ (सामोआ, टोंगा वगैरे बेटांवरून अलीकडे आलेले लोक) असा फरक करतात. माओरी तिथले मूळचे, बाकीचे स्थलांतरित, म्हणून.

त्यांच्याआधी माओरी लोक लिहीत नव्हते का?

लिहीत होते. छापायला जागा कमी होती. माओरी व्यवहार खातं 1952पासून ‘ते आओ होउ’ नावाचं त्रैमासिक काढायचं. सरकारी असूनही त्यात चांगल्या गोष्टी यायच्या, ग्रेसबाईंच्या सुरुवातीच्या कथाही तिथेच आल्या. होने तुफारे यांचा कवितासंग्रह 1964मध्ये आला. विटी इहिमाएरा यांचा कथासंग्रह 1972मध्ये आणि पहिली कादंबरी 1973मध्ये. जे. सी. स्टर्म ही कवयित्री-कथाकार तर त्याआधीपासून लिहीत होती, पण तिचं पुस्तक 1983पर्यंत कोणी काढलं नाही. म्हणून ‘पहिली माओरी लेखिका’ असं कुणी म्हटलं की मी दुरुस्त करते: पहिलं पुस्तक निघालेली.

1975 हे सालही बघा. त्याच वर्षी 14 सप्टेंबरला उत्तर टोकाच्या ते हापुआ गावातून माओरींचा जमीन मोर्चा निघाला आणि 13 ऑक्टोबरला वेलिंग्टनच्या संसदेवर पोचला. पुढे होत्या फिना कूपर, वय 79. मागणी साधी होती: माओरींची आणखी एक एकरही जाता कामा नये. ‘वाइआरिकी’ त्याच हवेत वाचलं गेलं.

सुरुवात कुठल्या पुस्तकानं करू?

पुस्तकानं नको. ‘बटरफ्लाइज’ या कथेनं करा. ‘इलेक्ट्रिक सिटी’ या 1987च्या संग्रहात आहे, लांबी जेमतेम एक पान.

आजी नातीची वेणी घालते आणि सांगते, शाळेत बाई सांगतील तसं कर. संध्याकाळी मुलगी घरी येते तेव्हा आजी-आजोबा वाफ्यात काम करत असतात, कोबीच्या रांगांमध्ये. आज काय केलंस? गोष्ट लिहिली. वाच बघू. मुलीनं लिहिलेलं असतं की मी बागेतली सगळी फुलपाखरं मारली, आणि चित्रही काढलेलं असतं. बाई काय म्हणाल्या? म्हणाल्या, फुलपाखरं किती सुंदर असतात, उन्हात बागडतात, ती मारायची नसतात. दोघं म्हातारी बराच वेळ गप्प. मग आजोबा म्हणतात, तुझ्या बाई कोबी सुपरमार्केटमधून आणतात ना, म्हणून.

संपली कथा. त्या बाई दुष्ट नाहीत, उलट प्रेमळच आहेत. आजी-आजोबाही त्यांना नावं ठेवत नाहीत. पण अळी पडलेला कोबी ज्यानं पाहिला आहे आणि ज्यानं नाही, त्यांच्यामधलं अंतर एका पोरीच्या वहीत उघडं पडतं. आपल्याकडची किती पाठ्यपुस्तकं त्या बाईंनी लिहिल्यासारखी आहेत, असा विचार पहिल्यांदा वाचताना माझ्या मनात आला होता.

त्यानंतर ‘वाइआरिकी’मधली ‘अ वे ऑफ टॉकिंग’ वाचा. विद्यापीठात शिकणारी रोझ सुटीत गावी आली आहे. मोठ्या बहिणीच्या लग्नाचा पोशाख शिवायला दोघी एका पाकेहा बाईकडे जातात. बोलता बोलता ती म्हणते की नवरा खालच्या रस्त्याला गेलाय, झुडपं तोडायला ‘माओरींना’ आणायला. रोझ विचारते, त्यांना नावं नाहीत का? शिंपीणबाई गोरीमोरी, मोठी बहीण शरमेनं अर्धी. खरी गंमत पुढे आहे. घरी येताना मोठीला रोझचा राग येतो, आणि मग हळूहळू कळतं की आपण हसून सोडून द्यायला शिकलो ते धाकटीनं शिकायचं नाकारलं.

‘पोतिकी’ कशाबद्दल आहे? एवढं नाव का?

1986ची ही कादंबरी. पोतिकी म्हणजे शेंडेफळ. इथलं शेंडेफळ म्हणजे तोको: वाकड्या पाठीचा, कमकुवत शरीराचा, पण पुढचं दिसणारा मुलगा. त्याची जन्मदाती मेरी मनानं लहान मुलीसारखी आहे. समुद्रकिनाऱ्यावर तो जन्मतो, आणि मेरीचा भाऊ हेमी व वहिनी रोइमाता त्याला आपला म्हणून वाढवतात. माओरी घरांत मूल असं नात्यातल्या दुसऱ्या घरात वाढणं ही रूढ गोष्ट आहे. त्यात दत्तकविधानाचा सोहळा नाही की लपवाछपवीही नाही.

गाव समुद्राकाठी. कारखाने बंद पडून नोकऱ्या गेल्यावर लोक परत जमिनीकडे वळले आहेत, भाजीपाला लावताहेत, मासे धरताहेत. तिथे एक विकासक येतो. आडनाव डॉलमन, गावानं केलेलं नाव डॉलरमन. त्याला किनाऱ्यावर हॉटेल, करमणुकीची जागा, शिकवलेले समुद्री प्राणी दाखवायचा तमाशा असं काय काय उभारायचं आहे. त्यासाठी गावाच्या जागेतून रस्ता हवा आणि सभाघर हलवायला हवं. बोली चांगली आहे, पैसा आहे, नोकऱ्यांचं आश्वासन आहे. गाव नाही म्हणतं.

ती बैठक हा या कादंबरीचा गाभा, आणि ती तोको सांगतो. डॉलमन बोलता बोलता त्या मुलाच्या पाठीकडे बघतो, म्हाताऱ्या आजीकडे बघतो, मेरीकडे बघतो. तोकोला त्याच्या नजरेतलं वाचता येतं: या माणसाला आपल्यात मोडकळीला आलेली जमात दिसते आहे. त्याच्या लेखी प्रगती होण्याआधी आपल्याकडे काहीच नव्हतं. गावाचे लोक शांतपणे सांगतात की आमच्याकडे जे आहे ते आम्हाला पुरतं. त्याला हे वाक्य खरंच समजत नाही. तो खोटं बोलत नसतो, त्याला समजतच नाही.

पुढे दफनभूमीत पाणी शिरतं आणि ते आपोआप शिरलेलं नसतं. मग सभाघर जळतं. याचं गांभीर्य कळायला एक गोष्ट माहीत हवी. माओरी सभाघर, ज्याला फारेनुई म्हणतात, ते पूर्वजाचं शरीर मानलं जातं. आढं म्हणजे त्याचा कणा, वासे म्हणजे बरगड्या, दर्शनी बाजूला पसरलेले हात. आतले कोरीव खांब म्हणजे एकेक पिढी. कादंबरी सुरूच होते ती एका कोरक्यापासून, आणि शेवटी जळलेल्या जागी पुन्हा कोरीव काम सुरू होतं. शेवट सांगत नाही, वाचा.

ही खरी घडलेली गोष्ट आहे का?

गाव काल्पनिक, माणसं काल्पनिक. घटनांच्या मागे मात्र दोन गाजलेली आंदोलनं आहेत. ऑकलंडमधल्या बॅस्टियन पॉइंटवर सरकारला महागडी घरं बांधायची होती. न्गाती फातुआ जमातीच्या लोकांनी 5 जानेवारी 1977पासून तिथे ठाण मांडलं. 506 दिवसांनी, 25 मे 1978ला, पोलीस आणि लष्कर आणून 222 जणांना अटक झाली. दुसरी जागा रॅग्लन. तिथली जमीन दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या धावपट्टीसाठी घेतली होती. युद्ध संपलं, जमीन काही परत आली नाही. उलट 1969मध्ये तिथे गोल्फचं मैदान झालं, आणि दफनभूमीवरून लोक चेंडू मारू लागले. एव्हा रिकार्ड यांच्या पुढाकारानं 1978मध्ये लोक मैदानात जाऊन बसले आणि नवव्या होलपाशी पकडले गेले. पुढे दोन्ही जमिनी परत मिळाल्या.

‘पोतिकी’त शेजारच्या ते ओपे जमातीची कहाणी येते, ती जवळजवळ रॅग्लनचीच. त्या काळी पुस्तकाला ‘राजकीय’ म्हणून बोल लावला गेला. ग्रेसबाईंचं म्हणणं होतं की आपण साध्या माणसांच्या रोजच्या जगण्याबद्दल लिहीत होतो. मला हे उत्तर चलाखीचं वाटत नाही. भूसंपादनाची नोटीस ज्यांच्या दारावर चिकटते त्यांच्यासाठी तेच रोजचं जगणं असतं.

त्यांची स्वतःची जमीन सरकार घेणार होतं, हे खरं का?

खरं. आणि ती गोष्ट कुठल्याही कादंबरीपेक्षा लांब आहे, म्हणून सावकाश सांगते.

1848मध्ये न्गाती तोआ जमातीनं पोरिरुआ बंदराच्या तोंडाशी असलेली फितिरेइयाची जमीन, सुमारे 500 एकर, अँग्लिकन चर्चला शाळा बांधायला दिली. आपल्या मुलांसाठी शाळा होईल, ही अट. दोन वर्षांनी सरकारनं परस्पर ती जमीन बिशपच्या नावावर करून दिली. शाळा कधीच झाली नाही. विरेमु पराता नावाचे एक माओरी नेते होते, लोक त्यांना वी पराता म्हणत. 1871 ते 1876 संसदेत होते. शाळा बांधली नाही तर जमीन परत द्या, म्हणून ते कोर्टात गेले. 1877मध्ये मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि जाता जाता लिहून ठेवलं की 1840चा वाइतांगीचा करार, म्हणजे माओरी सरदार आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातला मूळ करार, कायद्याच्या दृष्टीनं शून्य आहे. त्या एका शेऱ्याचा आधार पुढे कितीतरी वर्षं माओरींच्या जमिनींवरचे दावे फेटाळायला घेतला गेला.

हे वी पराता ग्रेसबाईंचे पूर्वज. फितिरेइया आणि होंगोएका एकाच बंदराच्या तोंडाशी आहेत, एक या काठाला, एक त्या काठाला.

वी परातांची बरीच जमीन आणखी उत्तरेला वाइकानाए इथे होती. ते गाव वसलंच त्यांच्या जमिनीवर, आणि सुरुवातीला त्याचं नावही पराता होतं. पिढ्यांमागून पिढ्या तुकडे पडत गेले, विकले गेले, घेतले गेले. उरलेला एक तुकडा ग्रेसबाईंच्या नावावर आला. आणि मग कापिटी किनाऱ्यावरचा नवा द्रुतगती मार्ग आला. आराखड्यात रस्ता त्या तुकड्यावरून जात होता. हवी असलेली जागा हजार चौरस मीटरपेक्षाही कमी, एखाद्या बऱ्यापैकी बंगल्याचा प्लॉट. त्यांनी विकायला नकार दिला. सरकारनं सार्वजनिक कामांच्या कायद्याखाली सक्तीनं घ्यायची प्रक्रिया सुरू केली.

ग्रेसबाई दोन कोर्टांत गेल्या. माओरी जमीन न्यायालयात त्यांनी मागितलं की ही जागा राखीव माओरी जागा म्हणून घोषित व्हावी, म्हणजे ती कुणालाच घेता येणार नाही. आणि पर्यावरण न्यायालयात सक्तीच्या संपादनाला हरकत घेतली. 2014मध्ये दोन्हीकडे निकाल त्यांच्या बाजूनं लागला. पर्यावरण न्यायालयाचं म्हणणं असं की दुसरे पर्याय नीट तपासलेलेच नाहीत, तेव्हा हे संपादन न्याय्य नाही आणि आवश्यकही नाही. रस्ता झाला, 2017मध्ये वाहतूकही सुरू झाली. तो तुकडा सोडून.

पूर्वज 1877मध्ये हरले, वंशज 2014मध्ये जिंकली. मधली 137 वर्षं. ‘पोतिकी’ लिहून तेव्हा 28 वर्षं झाली होती, त्यामुळे ‘लेखिकेनं आपल्या अनुभवावर कादंबरी लिहिली’ असं कुणी सांगितलं तर क्रम उलटा आहे हे सांगा.

पुस्तकात माओरी शब्दांचे अर्थ दिलेले नाहीत. वाचायचं कसं?

वाचत जायचं. ‘पोतिकी’त शब्दार्थांची यादी नाही, तिरपा ठसा नाही, आणि शेवटचा मजकूर तर माओरीतच आहे, भाषांतराविना. हे जाणूनबुजून केलेलं आहे. माओरी ही आपल्याच देशात परकी भाषा म्हणून वागवली जाऊ नये, अशी त्यांची भूमिका. आठवण असू द्या, माओरीला न्यूझीलंडमध्ये अधिकृत भाषेचा दर्जा 1987मध्ये मिळाला, म्हणजे पुस्तकानंतर एक वर्षानं.

अडचण खरंच फार येत नाही. ‘डब्ल्यू-एच’ दिसलं की ‘फ’ वाचा, स्वर मराठीसारखे सरळ उच्चारा. बाकी चार-पाच शब्द दहा पानांत अंगवळणी पडतात. इंग्रजी कादंबऱ्यांतला ‘स्कोन’ आणि ‘मूर’ आपण कुणाला विचारून वाचला होता?

याला मॅजिक रिअ‍ॅलिझम म्हणायचं का?

समीक्षक म्हणतात, अद्भुत गोष्टी रोजच्यासारख्या सांगितलेल्या असतात म्हणून. मला पटत नाही. 1998च्या ‘बेबी नो-आइज’ कादंबरीत मेलेली बहीण जिवंत भावाच्या सोबतीनं वाढते, त्याच्याशी भांडते, हट्ट करते. पण त्या घरात कुणाला त्याचं नवल वाटत नाही, आणि लेखिकाही नवल म्हणून सांगत नाही. खरा अचंबा वाटायला लावणारी गोष्ट वेगळी आहे: अपघातात गेलेल्या त्या बाळाचे डोळे रुग्णालयात कुणाला न विचारता काढले जातात, आणि कुटुंबानं मागितल्यावर खाऊच्या प्लास्टिकच्या डब्यात घालून परत दिले जातात. हा भाग खऱ्या घटनेवरून घेतलेला आहे. त्या कादंबरीत अविश्वसनीय काय आहे असं विचारलंत तर मी या डब्याकडे बोट दाखवीन.

युद्धावरची कादंबरी आहे ना एक? मराठा पलटणीचा त्यात उल्लेख आहे असं ऐकलं.

‘तू’, 2004ची. मराठा पलटणीचा उल्लेख म्हणून वाचायला घेऊ नका, पण धागा आहे हे खरं.

दुसऱ्या महायुद्धात माओरींना सक्तीची भरती लागू नव्हती. तरी 28वी माओरी बटालियन स्वयंसेवकांतून उभी राहिली. सुमारे 3,600 जण परदेशी लढायला गेले, त्यांतले 649 गेले ते गेलेच. समान नागरिक म्हणून मान हवा असेल तर ही किंमत मोजावी लागेल, असं त्या वेळचे माओरी नेते आपिराना न्गाता म्हणत. कादंबरीतले तीन भाऊ ही किंमत मोजतात आणि धाकटा तू तेवढा परत येतो. मग पुतण्या-पुतणीच्या हातात आपल्या युद्धातल्या वह्या ठेवतो. ग्रेसबाईंचे वडील स्वतः या बटालियनमध्ये होते. किंमत मोजली, मग माल कुठे आहे, हा प्रश्न ती कादंबरी आवाज न चढवता विचारते.

इटलीतल्या कासिनोचा भाग यातला सगळ्यात ताकदीचा. 17 फेब्रुवारी 1944च्या रात्री माओरी बटालियनच्या दोन कंपन्या, सुमारे दोनशे जण, रेल्वे स्टेशन घ्यायला गेल्या. स्टेशन घेतलंही. पण मागून रणगाडे यायला रस्ता उजाडायच्या आत दुरुस्त झाला नाही, दुपारी जर्मन रणगाडे आले आणि निम्म्याहून अधिक जण मेले किंवा जखमी झाले. त्याच रात्री वरच्या मठाच्या डोंगरावर चढाई करत होती ती चौथी भारतीय डिव्हिजन, दोघीही न्यूझीलंडच्या जनरल फ्रायबर्गच्या हाताखाली. मराठा लाइट इन्फंट्री इटलीतच होती. माणगावकडचे यशवंत घाडगे जुलै 1944मध्ये तिथेच धारातीर्थी पडले. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो 9 एप्रिल 1945ला, सेनिओ नदीवर. त्या दिवशी त्याच नदीवर शेजारच्या बाजूनं न्यूझीलंडची डिव्हिजन उतरत होती. माणगावच्या घाडग्यांच्या पुतळ्यापाशी उभं राहून ‘तू’ वाचायला हरकत नाही.

‘व्हेल रायडर’ त्यांचंच ना?

नाही, ते विटी इहिमाएरांचं. ‘वन्स वेअर वॉरिअर्स’ अ‍ॅलन डफ यांचं. ग्रेसबाईंच्या पुस्तकावरचा चित्रपट म्हणजे ‘कझिन्स’ (2021), त्यांच्या 1992च्या कादंबरीवरून. एन्स्ली गार्डिनर आणि ब्रायर ग्रेस-स्मिथ या दोघींनी दिग्दर्शित केला. तीन चुलत-मावस बहिणी: माता लहानपणीच अनाथाश्रमात टाकली गेलेली, मिसी गावातच राहिलेली, आणि लाडाकोडात वाढवलेली माकारेता. मातासाठी कादंबरी आणि चित्रपट दोन्ही. पहिल्या पानांत ती शहराच्या रस्त्यावरून अनवाणी चालत असते आणि तिला कुठे जायचंच नसतं.

नोबेल मिळालंय का?

नाही. 2008मध्ये नॉयश्टाट पारितोषिक मिळालं. ओक्लाहोमा विद्यापीठ दर दोन वर्षांनी देतं आणि त्याची पत मोठी आहे. आपल्याकडच्यांपैकी राजा राव यांना 1988मध्ये आणि मुंबईत वाढलेल्या रोहिंटन मिस्त्रींना 2012मध्ये ते मिळालं होतं. ‘डॉगसाइड स्टोरी’ 2001मध्ये बुकरच्या लांब यादीत होती.

‘डेम’ हा किताब त्यांनी नाकारला, असं का?

2007मध्ये त्यांना देशाचा एक मोठा सन्मान मिळाला होता. तेव्हा न्यूझीलंडमध्ये ‘सर’ आणि बायकांसाठीचा ‘डेम’ हे किताब बंद होते. 2009मध्ये नव्या सरकारनं ते पुन्हा सुरू केले आणि जुन्या मानकऱ्यांना नावापुढे किताब लावून घ्यायची मुभा दिली. ग्रेसबाईंनी लावून घेतला नाही. सन्मान परत केला नाही, फक्त ब्रिटिश दरबारी बिरुद नको म्हटलं. गाजावाजाही केला नाही.

त्यांच्या लेखनात काही उणं आहे का?

आहे. डॉलरमन हा माणूस कमी आणि सोंगच जास्त आहे. त्याला एखादं मूल, एखादी काळजी दिली असती तर ती बैठक आणखी बोचली असती. 2015च्या ‘चॅपी’त न्यूझीलंडमध्ये अडकलेल्या एका जपानी माणसाची गोष्ट आहे. विषय उत्तम, पण सांगणारे इतके वेळा बदलतात की पहिला एक-तृतीयांश भाग नेटानं वाचावा लागतो. कथांच्या बाबतीत मात्र मला तक्रार करायला फारशी जागा दिसत नाही. ‘जर्नी’मधला म्हातारा घ्या. जमिनीबद्दल विचारायला आगगाडीनं शहरातल्या कचेरीत जातो, तिथला तरुण अधिकारी नकाशे दाखवून समजावतो की तुमच्या जागेवर गाड्या उभ्या करायची सोय व्हायची आहे. म्हातारा शेवटी टेबलाला लाथ घालतो. घरी येऊन सांगतो, मेल्यावर मला जाळा, पुरू नका, जमिनीत आता सुरक्षित नाही. ज्या समाजात पुरणं हीच रीत, तिथला माणूस हे बोलतो आहे.

मुलांसाठी काही?

‘द कुइया अँड द स्पायडर’, 1981. चित्रं रॉबिन काहुकिवा यांची. एक म्हातारी आणि तिच्या स्वयंपाकघरातला कोळी, दोघंही विणकर, कुणाचं विणकाम चांगलं यावरून भांडतात आणि आपापल्या नातवंडांना निवाडा करायला बोलावतात. सहा-सात वर्षांच्या मुलांना वाचून दाखवता येतं. माओरी आवृत्तीही आहे.

पुस्तकं मिळतात का अजून?

‘पोतिकी’ 2020मध्ये पेंग्विनच्या मॉडर्न क्लासिक्समध्ये पुन्हा आली, ती सहज मिळते. 2021चं आत्मकथन ‘फ्रॉम द सेंटर’ आणि 2024चा कथासंग्रह ‘बर्ड चाइल्ड’ ऑनलाइन मागवता येतात. ‘वाइआरिकी’ मात्र जुन्या पुस्तकांच्या बाजारात शोधावं लागेल.